सरांना बाय म्हणायचं नाही

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, चहा निवायच्या आत. एकदा मी सांगायला लागले की मध्ये कोणी फिदीफिदी केलेलं मला खपत नाही. आणि कृपा करून माझ्या शिक्षणाची आठवण करून देऊ नका. मी बीएस्सी आहे. केमिस्ट्री. फर्स्ट क्लास. हे मला माहीत आहे. त्या दिवशीही माहीत होतं. तरी जे व्हायचं ते झालंच!

आणि कशावरून झालं? एका इंग्रजी शब्दावरून. शब्द तरी केवढा? मराठीत लिहायला दोन अक्षरं पुरतात. बाय.

नव्वदचं दशक संपत आलेलं. आम्ही वसईत नवीन राहायला आलो होतो. पूर्वी जिथे केळीची वाडी होती तिथे चार मजली बिल्डिंग उभी राहिलेली. वाडीतली विहीर तेवढी कंपाउंडमध्ये शिल्लक, आणि तिच्या कडेला पाच-दहा केळीची झाडं. मी सांगलीकडची. लग्न होईपर्यंत समुद्र पाहिला नव्हता, आणि इथे तर वारा आला की भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा खारट लागेल असं वाटायचं.

आमच्या माहेरी एक शिस्त होती. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. चुकून 'जाते' निघालं तोंडातून, तर आई फाटकापासून परत बोलवायची, घोटभर पाणी पाजायची आणि 'येते' म्हणवून घेऊनच सोडायची. एसटी चुकली तरी बेहत्तर. फक्त एका ठिकाणी 'येते' चालत नाही. मयताच्या घरून उठताना. तिथे गुपचूप उठायचं, चपला घालायच्या आणि मागे न बघता चालायला लागायचं. येते नाही, जाते नाही, काहीच नाही. हे लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

तर आमची मीनू. चार वर्षांची. नुकतीच नर्सरीत जायला लागलेली आणि तिथून 'बाय' शिकून आलेली. शिकून आली म्हणजे काय, झपाटून आली! पाण्याच्या टँकरला बाय. इस्त्रीवाल्याला बाय. उशीला बाय. संडासात साखळी ओढली की आत वाकून, मनापासून बाय.

सुरुवातीला मला कौतुकच होतं. मराठी मिडियमच्या आईची मुलगी इंग्रजी बोलते! पण मग जिन्याखालच्या मनीमाऊला मीनूने बाय केलं आणि मनी तोंडात पिल्लं धरून जी गेली ती परत आली नाही. मग वॉचमनला केलं. तो दुसऱ्या दिवशी पगार न घेता गायब. पगार न घेता! असं कधी होतं का?

तरी मी शांत होते. मग एका संध्याकाळी मीनूने जिन्यात उभं राहून चौथ्या मजल्यावरच्या जोशी आजोबांना दोन्ही हात हलवून बाय केलं. 'बाय आजोबा! बाय बाय!'

सकाळी आजोबा गेले.

आता जोशी आजोबा नव्वदीच्या पलीकडचे. दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेले, त्या दिवशी कसेबसे दारापर्यंत आले होते. हे सगळं माझ्यातल्या बीएस्सीला पटत होतं. पण माझ्यातली आई काही ऐकेना. माझी सोन्यासारखी मुलगी, आणि तिच्या जिभेवर हे काय बसलंय?

मी आमच्या ह्यांना विचारलं. हे कॅरम बोर्डावर पावडर चोळत होते.

"अहो, बाय म्हणजे नक्की काय हो?"

"बाय? समोरचा आलाच नाही तर आपल्याला बाय मिळतो. न खेळता पुढच्या फेरीत."

"पुढच्या फेरीत म्हणजे?"

"म्हणजे डायरेक्ट वर."

माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं.

"अगं, काय झालं? क्रिकेटमध्ये पण असतो बाय. बॉल कशालाच न लागता मागे निघून जातो ना, तो."

कशालाच न लागता निघून जातो! आजोबांच्या सूनबाई, जोशी काकू, सकाळी हेच सांगत होत्या. 'कळलंसुद्धा नाही गं, चहा घेऊन गेले तर निघून गेलेले.'

शेवटी डिक्शनरी काढली. लग्नात आहेर म्हणून आलेली, तोवर तिच्याखाली पापड सरळ केले होते, बास. त्यात होतं: बाय, निरोपाचा शब्द. निरोप! म्हणजे 'येते' नव्हेच, चक्क 'जा'! माझी मुलगी सकाळपासून संध्याकाळपर्यंत अख्ख्या जगाला कायमचा निरोप देत सुटली होती! खाली बारीक तिरक्या अक्षरात आणखी काहीतरी होतं, शब्द कुठून आला वगैरे. पण घाबरलेलं माणूस बारीक अक्षर वाचतं का? मी पुस्तक मिटलं आणि त्यावर हळदकुंकू वाहिलं नाही एवढंच.

मीनूला घरात बाय बंद झालं. आणि नेमकं तेव्हाच मचाडो सरांचं ऑपरेशन निघालं.

मचाडो सर म्हणजे तळमजल्यावरचे; ते आणि त्यांच्या मिसेस, आमच्या रेजिना आंटी. बिल्डिंग झाली ती त्यांच्याच वाडीवर. बिल्डरकडून दोन फ्लॅट घेतले आणि विहीर बुजवायची नाही ही अट घातली. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं. रिटायर झाल्यावर सकाळ-संध्याकाळ त्या उरल्यासुरल्या केळींना पाणी घालायचे, आणि मीनू विहिरीच्या कट्ट्यापाशी बसून त्यांचं डोकं खायची. इथे तिचे आजोबांसारखे लाड करणारं तेच एक माणूस होतं. सर साधे पाव आणायला बाजारात निघाले तरी सगळ्या गॅलऱ्यांमधून पोरं ओरडायची, 'बाऽऽय सर!' आणि सर टोपी काढून वर बघायचे. रोज. ही आमच्या बिल्डिंगची प्रार्थनाच होती म्हणा ना.

ऑपरेशन हर्नियाचं. डॉक्टर म्हणाले होते, अगदी साधं आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर काय आलं? सर रिक्षात बसतायत आणि माझी मीनू दोन्ही हात हलवतेय!

"मीनू, उद्या सरांना बाय म्हणायचं नाही."

"का?"

"म्हणायचं नाही म्हणजे नाही."

"पण का?"

आता चार वर्षांच्या मुलीला काय सांगायचं? मी सांगून टाकलं. काय सांगितलं ते पुढे येईलच, आत्ता विचारू नका.

मग मला वाटलं, नुसती मीनू गप्प बसून काय उपयोग? बाकीची पोरं आहेतच की. म्हणून मी पहिल्या मजल्यावरच्या शोभाताईंना गच्चीत गाठलं. त्या मिरच्या वाळत घालत होत्या.

"शोभाताई, उद्या सर निघतील ना, तेव्हा मुलांना बाय करू देऊ नका हं."

"का गं?"

काय सांगणार? माझी मुलगी बाय म्हणते नि माणसं जातात म्हणून? बीएस्सी, फर्स्ट क्लास?

"असंच हो. काही विचारू नका. आणि सरांना काही कळू देऊ नका."

शोभाताईंच्या हातातली मिरची हातातच राहिली. "अगं बाई! इतकं आहे?"

"हं," मी म्हणाले. कशाला हं म्हटलं ते मला आजही माहीत नाही.

"आणि आंटींना?"

"त्यांना तर मुळीच नको."

"नको, आणखी काही सांगू नकोस. समजलं मला." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, मिरची लागली असेल. आणि खरं सांगू? मनात म्हटलं, किती समंजस बाई! इतक्या पटकन समजली!

सकाळी मी मीनूला घेऊन खाली आले आणि फाटकापाशी थबकलेच.

सगळी बिल्डिंग खाली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. ऑफिसला जाणारे ऑफिसला गेलेले नाहीत. जोशी काकू हात जोडून उभ्या. पोरं आपापल्या आयांच्या मुठीत गच्च. कोणी बोलत नाही. विहिरीत पान पडलं तर ऐकू येईल इतकी शांतता. मला तर बरंच वाटलं. कोणी बाय म्हणणार नाही!

तेवढ्यात शोभाताई एक झाकलेलं पातेलं घेऊन सरांच्या दाराशी गेल्या. आंटींच्या हातात दिलं, त्यांचा हात दाबला, कानात काहीतरी पुटपुटल्या आणि मान खाली घालून परत आल्या.

आंटींनी झाकण उघडलं. "पिठलं?"

आतून सर बाहेर आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात बॅग. "काय आलंय, रेजिना?"

"पिठलं-भाकरी. सकाळी सात वाजता."

"मला उपाशी यायला सांगितलंय."

"शोभा म्हणते, घरात चूल पेटवू नका, संध्याकाळचंही आम्ही पाठवू."

सरांनी पिठल्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं. आमच्याकडे पिठलं-भाकरी कोणत्या घरी पाठवतात हे जन्मभर आमच्यात राहिलेल्या माणसाला कोणी सांगायला हवं का? हे पिठलं मी सांगितलं नव्हतं हो! मी फक्त बाय नको म्हटलं होतं!

रिक्षावाला होता जवळच्या जूचंद्र गावचा, नेहमीचा. तो माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "ताई, कोन गेला?"

"कोणी नाही गेलं. सर चाललेत ऑपरेशनला."

"मंग सगली अशी का उभी?"

सर रिक्षापर्यंत आले. सवयीने टोपी काढली, वर पाहिलं. गॅलऱ्या रिकाम्या. समोर पाहिलं. आम्ही सगळे खाली बघत.

"काय मंडळी? आज मौनव्रत आहे का?"

कोणी हूं नाही की चूं नाही. मीनूने तोंड उघडलं, तशी मी माझा पंजा तिच्या तोंडावर गच्च दाबला.

सरांनी एक पाय रिक्षात ठेवला होता. तो परत खाली आला. ते वळले, हळूहळू चालत गेले आणि विहिरीच्या कट्ट्यावर बसले.

"रेजिना, बॅग ठेव खाली. मी जात नाही."

"अहो, डॉक्टर वाट बघत असतील!"

"बघू दे. मी जन्मभर वर्गात उभा राहिलोय. वर्ग असा चिडीचूप बसला की काहीतरी लपवलेलं असतं. मला सांगा, डॉक्टर काय म्हणाला? हर्निया नाही ना हा?"

आता इथे तरी माणसाने 'नाही हो सर, हर्नियाच आहे' म्हणावं की नाही? पण शोभाताईंना हुंदका फुटला. "सर... धीर धरा!"

झालं!

आंटी मटकन खाली बसल्या, पातेल्यासकट. "पवित्र मरिये! म्हणजे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आणि मला नाही? मी बायको ना ह्यांची? कोणीतरी फादरना बोलवा गं!"

सर मात्र एकदम शांत झाले. इतके शांत, की मला रडू यायला लागलं.

"रेजिना, रडू नको. ऐक. विहिरीकडची केळ आहे ना, तिचा घड उतरला की मीनूला द्यायचा. विहीर बुजवू द्यायची नाही, बिल्डर कितीही गोड बोलला तरी. आणि माझ्या मयताला बॅण्ड बोलावशील तो नीट सुरात वाजवणारा. गेल्या महिन्यात आला होता तो नको, मला शेवटच्या दिवशी बेसूर ऐकायचं नाही."

बॅण्ड! माणूस हर्नियाला निघाला होता हो, आणि बॅण्ड ठरवत होता! मी पुढे होऊन ओरडायला हवं होतं. पण पाय जमिनीत, जीभ टाळूला, आणि पंजा मीनूच्या तोंडावर. शॉक बसणं काय असतं ते मी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये नाही शिकले, त्या फाटकात शिकले.

आंटी उठल्या. शिक्षकाची बायको शेवटी. डोळे पुसून त्यांनी सरळ चौकशी सुरू केली.

"जोशी काकू, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मला तिसऱ्या मजल्यावरच्यांनी."

"तुम्हाला?"

"शोभाताईंनी."

"शोभा, तुला?"

एकेक बोट मजला मजला उतरत खाली येत होतं. मला दिसत होतं. शोभाताईंचं बोट उठलं आणि माझ्यावर येऊन थांबलं.

"मीनूच्या आईने. म्हणाली, सरांना बाय म्हणू नका, आणि का ते विचारू नका. आणि आंटींना तर कळूच देऊ नका. मग मी काय समजायचं?"

सर माझ्याकडे वळले. इतक्या हळू आवाजात विचारलं त्यांनी, "तुम्हाला कोणी सांगितलं हो? डॉक्टर तुमच्या ओळखीचे आहेत का?"

मी मान हलवली. कशी ते देवाला ठाऊक. आणि त्या हलण्यात माझा पंजा सुटला.

मीनूने मोठ्ठा श्वास घेतला.

"सर, मला बाय करायचंय, पण आई म्हणते मी बाय केलं की माणूस मरतो! मी मनीमाऊला मारलं, वॉचमन अंकलला मारलं, आणि जोशी आजोबांना पण मीच मारलं!"

जोशी काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी ते पाहणं शब्दांत सांगू शकत नाही, मला जमणारही नाही. धरणी दुभंगावी म्हणतात ना? समोर आयती विहीर होती. मी तिच्याकडे दोनदा पाहिलंसुद्धा.

पहिला आवाज सरांचा आला. मला वाटलं, रडतायत. ते हसत होते. कट्ट्यावर बसून, पोट दोन्ही हातांनी धरून. "अरे हसवू नका, हसवू नका मला! हर्निया आहे! दुखतंय!"

मग हसू आवरून त्यांनी मीनूला जवळ घेतलं आणि तिच्याशी बोलले, पण ऐकवलं मला.

"हे बघ मीनू, तू कोणाला मारलं नाहीस. तुझ्या आईला फक्त 'बाय'चा अर्थ अर्धाच कळला. फार जुन्या काळी इंग्रज लोक निघणाऱ्या माणसाला एक अख्खं वाक्य म्हणायचे. गॉड बी विथ यी. म्हणजे?"

"देव तुमच्याबरोबर असो," मी पुटपुटले. पाचवीतल्या मुलीसारखी.

"शाबास. मग रोज म्हणून म्हणून ते वाक्य झिजलं. साबणाची वडी झिजते तसं. गॉड बी विथ यीचं झालं गुडबाय, आणि गुडबायची शेवटी हातात राहिली ही एवढीशी पापडी. बाय. पण साबण तोच! तुम्ही पोरं रोज वरून ओरडता ना, बाय सर, बाय सर? मला ते अख्खंच ऐकू येतं. म्हणून तर टोपी काढतो."



माझ्या मनात मात्र एकच. म्हणजे मी काय केलं? ऑपरेशनला निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला अख्ख्या बिल्डिंगने द्यायचा आशीर्वाद मी अडवून ठेवला! आणि हे सगळं त्या बारीक तिरक्या अक्षरांत लिहिलेलं होतं हो!

"सर, मला माफ करा..."

"माफी कसली? आभारच मानायला हवेत. दोन दिवस मी घाबरलो होतो. हर्नियाला! कोणाला सांगितलं नाही, रेजिनालाही नाही. आता माझं मरून झालं, बॅण्डसुद्धा ठरवून झाला. हर्निया काय करणार?" ते उठले. "चला, उशीर होतोय. शोभा, ते पिठलं ठेव, परत आल्यावर खाईन."

मग मात्र काय गलका! पोरं सुटली, गॅलऱ्यांत पळाली, बाऽऽय सर! जोशी काकूंनीसुद्धा हात हलवला. मीनूने दोन्ही हातांनी, उड्या मारत, घसा फाटेपर्यंत. सरांनी टोपी काढून सगळीकडे पाहिलं, आंटींना आत बसवलं, स्वतः बसले.

तुमचा जीव टांगणीला नको म्हणून सांगून टाकते. ऑपरेशन उत्तम झालं. सर परत आले, केळीचा घड त्यांनी स्वतः उतरवला आणि मीनूला दिला. बॅण्ड अजून लागलेला नाही, देवाच्या दयेने. पण ते सगळं नंतरचं. त्या सकाळचं अजून थोडं राहिलंय, आणि तेच सांगायला मला सगळ्यात जड जातं.

रिक्षा फाटकातून वळणार, तेवढ्यात सरांनी डोकं बाहेर काढलं.

"मीनूची आई! तुमचं राहिलं की!"

सगळी बिल्डिंग माझ्याकडे बघायला लागली. मनात म्हटलं, आशीर्वाद आहे, आशीर्वाद आहे, साबणाची पापडी आहे. हात वर केला, आवाज गोळा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बाय सर!"

रिक्षा एकदा खोकली, थरथरली आणि जागच्या जागी बंद पडली.

रिक्षावाल्याने दांडा ओढला. एकदा, दोनदा. काही नाही. तो उतरला, मागे जाऊन वाकला, दोन लाथाही घातल्या. काही नाही. आणि त्या भयाण शांततेत माझ्या लेकीचा खणखणीत आवाज आला.

"आई! तू रिक्षाला का मारलंस?"

रिक्षावाल्याने सावकाश मान वर केली. आधी रिक्षाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कपाळाला हात लावून दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "ताई, तुमी घरान जा. तुमी आत गेल्याबिगर ही काय चालू होनार नाय."

गेले. काय करणार?

आणि सांगायला लाज वाटते, पण दार लावलं न लावलं तोच खाली रिक्षा सुरू झाली.